ताकदीच्या काडतुसांवर पिस्तूल वारंवार अडते तेव्हा: जड स्प्रिंग बसवण्यापूर्वी काय तपासावे

सरावाच्या सौम्य काडतुसांवर बिनतक्रार चालणारे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल शिकारीची पूर्ण ताकदीची काडतुसे भरताच अडू लागते, ही १० मिमी ऑटो हे काडतूस वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे आणि .४५ सुपर किंवा .४६० रोलँड ही काडतुसे वापरणाऱ्यांनाही तिचा कधी ना कधी अनुभव येतो. कधी स्लाइड (प्रत्येक फैरीला मागे-पुढे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग) पुढे येते पण काडतूस उचलतच नाही, कधी काडतुसाचे टोक रॅम्पवर (नळीच्या मागच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) रुतून बसते, कधी स्लाइड बंद होता होता एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबते, तर कधी मॅगझिनमध्ये काडतुसे शिल्लक असतानाच ती मागे अडकून राहते. या चारही लक्षणांवर सहसा एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे जड, म्हणजे जास्त ताकदीची, रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) बसवणे. माझ्या मते हा उपाय यादीच्या शेवटी यायला हवा, कारण वरच्या चारपैकी निदान दोन लक्षणे त्याने वाढतात आणि खरे कारण झाकले जाते.

पुढची प्रत्येक तपासणी करण्यापूर्वी मॅगझिन काढावे, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करावी आणि पिस्तुलात काडतूस भरून पाहण्याची वेळ आली की दारू व प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेली नकली काडतुसे वापरावीत. गोळी झाडताना आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्का कमी जाणवला, तर ते अडणे नसून गोळी नळीतच राहिल्याची शक्यता असते. अशा वेळी स्लाइड ओढून पुढची गोळी कदापि झाडू नये. पिस्तूल रिकामे करून नळी आरपार मोकळी आहे का ते आधी पाहावे.

एकाच नावाची दोन काडतुसे

समस्येचे मूळ समजण्यासाठी १० मिमी ऑटोचा इतिहास थोडा पाहावा लागतो. हे काडतूस १९८३ साली ब्रेन टेन या पिस्तुलाबरोबर आले, त्याच्या कल्पनेमागे अमेरिकन नेमबाजी-प्रशिक्षक जेफ कूपर होते आणि पहिली काडतुसे स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने बनवली. त्या वेळी २०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीला सुमारे १२०० फूट प्रति सेकंद वेग दिला गेला होता. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयने नव्या काडतुसाचा शोध सुरू केला आणि १० मिमी निवडले खरे, पण १८० ग्रेनच्या गोळीला साधारण ९५० फूट प्रति सेकंद वेग देणाऱ्या, मुद्दाम सौम्य ठेवलेल्या भरणीसह. तेवढ्या ताकदीसाठी इतकी लांब पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) लागत नाही हे लक्षात आल्यावर १९९० साली .४० एस. अँड डब्ल्यू. हे आखूड काडतूस बाजारात आले. १० मिमीच्या नावाखाली मात्र दोन्ही परंपरा राहिल्या: एकीकडे सौम्य भरणीची सरावाची काडतुसे, दुसरीकडे मूळ ताकदीची किंवा तिच्याही किंचित पुढे जाणारी शिकारीची काडतुसे. खोक्यावरचे नाव तेच असले तरी पिस्तुलाच्या दृष्टीने ती दोन निराळी काडतुसे असतात.

फरक किती, हे साध्या गुणाकाराने कळते. नेमबाजीच्या स्पर्धांत गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले तिचा वेग, भागिले १००० असा ‘पॉवर फॅक्टर’ काढतात. १८० ग्रेन आणि ९५० फूट प्रति सेकंद यांचा पॉवर फॅक्टर १७१ येतो. तीच गोळी १२५० फूट प्रति सेकंद वेगाने गेली तर तो २२५ होतो. संवेग सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला म्हणजे स्लाइडचा मागे जाण्याचा वेगही जवळपास तेवढाच वाढला, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने स्लाइडमधली ऊर्जा सुमारे पावणेदोन पट झाली. दारूच्या वायूंचा धक्का यात धरलेलाही नाही. ही वाढीव ऊर्जा स्प्रिंग, फ्रेम, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) आणि मॅगझिन या सगळ्यांना सोसावी लागते, आणि माझ्या पाहण्यात त्यांपैकी सर्वांत आधी कमी पडते ते मॅगझिन.

मॅगझिनच्या वेळेचा प्रश्न

स्लाइड मागे जाऊन परत काडतुसाच्या मागच्या कडेपर्यंत येते, तेवढ्या अल्प अवधीत मॅगझिनच्या स्प्रिंगला काडतुसांची पूर्ण रांग एका काडतुसाच्या जाडीइतकी वर उचलून मॅगझिनच्या वरच्या वळलेल्या कडांखाली, म्हणजे ओठांखाली, नीट बसवायची असते. स्लाइड वेगाने मागे गेली, फ्रेमवर आदळली आणि उसळून तितक्याच वेगाने पुढे आली, की हा अवधी कमी होतो. काडतूस अजून वर येत असताना स्लाइड त्याच्या माथ्यावरून निघून जाते किंवा त्याच्या पाठीऐवजी मधल्या भागावर धडकते. रिकाम्या चेंबरवर बंद झालेली स्लाइड आणि पुंगळीच्या अंगावर आडवा ओरखडा उमटलेले वरचे काडतूस, ही या दोषाची ओळख आहे.

आता जड रिकॉइल स्प्रिंग बसवल्यावर काय होते ते पाहावे. स्लाइड थोडी हळू मागे जाते आणि फ्रेमवरचा आघात कमी होतो, हा लाभ खरा आहे. पण त्या स्प्रिंगमध्ये साठलेली जास्तीची ऊर्जा स्लाइडला पुढे ढकलण्यातच खर्च होते, म्हणून परतीचा वेग वाढतो आणि मॅगझिनला मिळणारा वेळ अनेकदा होता त्याहूनही कमी होतो. शिवाय तीच स्प्रिंग ठेवून सरावाची सौम्य काडतुसे झाडली, तर स्लाइड पुरेशी मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या दारातच उभी अडकते. एका दोषावर घेतलेला उपाय अशा रीतीने दुसरा दोष निर्माण करतो आणि वापरणारा स्प्रिंगांच्या मागे धावत राहतो.

त्यामुळे पहिली तपासणी मॅगझिनची. सर्व मॅगझिनांवर खुणेचे क्रमांक घालावेत आणि प्रत्येक वेळी अडल्यावर मॅगझिनचा क्रमांक, वरून कितवे काडतूस अडले आणि काडतूस कोणत्या प्रकारचे होते, या तीन गोष्टी तिथल्या तिथे लिहून ठेवाव्यात. ही नोंद कंटाळवाणी वाटली तरी अर्धे निदान तिच्यातच होते. दोष एकाच मॅगझिनपुरता असेल तर पिस्तुलाला हात लावण्याचे कारणच नाही. अडणे पहिल्या-दुसऱ्या काडतुसावर होत असेल, तर काठोकाठ भरलेल्या जड रांगेला वेळेत हलवणे स्प्रिंगला जमत नाही असे समजावे. एक काडतूस कमी भरून पाहावे आणि मॅगझिन आतून कोरडे व स्वच्छ करावे, कारण तिथे साचलेले तेल आणि धूळ रांग जड करतात. अडणे शेवटच्या दोन काडतुसांवर होत असेल तर स्प्रिंग थकलेली असते, कारण तिथे ती जवळजवळ सैल झालेली असते. अशा वेळी मॅगझिनमध्ये नवी, शक्यतो जास्त ताकदीची स्प्रिंग घालावी. जड स्प्रिंगवर पैसे खर्च करायचेच असतील, तर ते पिस्तुलाच्या आधी मॅगझिनवर करावेत.

१९११ बनावटीच्या (कोल्टच्या १९११ सालच्या रचनेच्या) पिस्तुलांत आणखी एक बारकावा आहे. धक्क्याने पिस्तूल मागे झेपावते तेव्हा मॅगझिनमधली काडतुसे जडत्वामुळे जागीच राहू पाहतात, म्हणजे मॅगझिनच्या हिशेबाने पुढे सरकतात. शेवटच्या काडतुसाला खालून घासणारे दुसरे काडतूस नसते. फॉलोअरचा (काडतुसांना खालून वर ढकलणाऱ्या पट्टीचा) पृष्ठभाग सपाट गुळगुळीत असेल तर हे काडतूस ओठांतून सुटून पुढे जाते आणि मग एक्स्ट्रॅक्टरला त्याच्या कडेवरून उडी मारून ते पकडावे लागते. फॉलोअरवर लहानसा उंचवटा असलेली मॅगझिने याच कारणासाठी पूर्ण ताकदीच्या १० मिमीला अधिक मानवतात.

स्लाइड पूर्ण बंद होत नाही तेव्हा

हा दोष वेगाचा नसून बहुधा काडतुसाच्या मापाचा असतो. १० मिमी ऑटो, .४५ एसीपी आणि .५० ॲक्शन एक्सप्रेस ही काडतुसे चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतात, म्हणून त्या तोंडाची स्थिती निर्णायक ठरते. नळी पिस्तुलातून वेगळी काढून, तोंड खाली धरून, त्याच खोक्यातली काडतुसे एकेक करून तिच्या चेंबरमध्ये सोडावीत. काडतूस स्वतःच्या वजनाने टक् आवाज करत बसले, बोटाने सहज फिरले आणि नळी उलटी करताच बाहेर आले, तर माप योग्य आहे. बसले पण फिरले नाही, तर गोळीचे टोक नळीतल्या आट्यांना टेकत असते. रुंद चपट्या नाकाच्या कठीण शिशाच्या गोळ्यांत हे वारंवार दिसते. अजिबात खाली गेले नाही, तर पुंगळी फुगलेली आहे किंवा तोंडाशी पुरेशी मिटलेली नाही. हाताने भरलेल्या काडतुसांत तोंड सरळ निमुळते मिटवायचे असते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासारखे आत वळवले तर टेकण्याची जागाच नाहीशी होते.

याच दोषाचे आणखी एक कारण असते, जे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. स्वस्त पडतात म्हणून १० मिमीच्या पिस्तुलात .४० एस. अँड डब्ल्यू. झाडण्याची सवय बऱ्याच जणांना असते. १० मिमीची पुंगळी ०.९९२ इंच लांब असते आणि .४० ची ०.८५० इंच, म्हणजे सुमारे ३.६ मिलिमीटरचा फरक. आखूड काडतूस चेंबरच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही; ते केवळ एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यावर तोलून राहते आणि फायरिंग पिनचा (प्रायमरवर आपटणाऱ्या सुईचा) आघातही त्या आकड्याला सोसावा लागतो. शिवाय प्रत्येक फैरीला त्या ३.६ मिलिमीटरच्या मोकळ्या पट्ट्यात काजळीचे कडे साचते आणि नंतर पूर्ण लांबीचे काडतूस त्या कड्यावर अडते. पिस्तूल उत्पादक याला परवानगी देत नाहीत. .४० झाडायचेच असेल तर त्या मापाची स्वतंत्र नळी मिळते, ती वापरावी.

पुंगळ्या गोळा करून पाहाव्यात

रिकामी पुंगळी हा या तपासातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. पुंगळ्या दोन-तीन मीटरवर एका ठिकाणी पडत असतील तर स्लाइडचा वेग साधारण ठीक आहे. त्या सात-आठ मीटर दूर उडत असतील तर स्लाइड फारच वेगाने मागे जात आहे. प्रायमरवरच्या खड्ड्यातून एका बाजूला ओढल्यासारखी रेघ दिसली, तर फायरिंग पिन पुरती मागे येण्यापूर्वीच नळी खाली झुकू लागली, म्हणजे नळी व स्लाइड यांचे कुलूप लवकर उघडले. कडेवर एक्स्ट्रॅक्टरने ओरबाडल्याची किंवा वाकवल्याची खूण असेल, तर दाब पुरता उतरण्यापूर्वी पुंगळी ओढली गेली आहे.

बुडाच्या किंचित वर एका बाजूला अर्धचंद्राकृती फुगवटा दिसला तर मात्र तिथेच थांबावे. चेंबरच्या खालच्या भागात रॅम्पसाठी जागा सोडलेली असते आणि त्या ठिकाणी पुंगळीला आधार नसतो. फुगवटा तिथेच येतो. १० मिमी ऑटोची कमाल दाबमर्यादा ३७,५०० पौंड प्रति चौरस इंच आहे, तर .४५ एसीपीची २१,०००. अशी फुगलेली पुंगळी पुन्हा भरू नये, त्या खोक्यातली उरलेली काडतुसे झाडू नयेत, आणि पूर्ण आधार देणारी नळी बसवल्याशिवाय त्या ताकदीकडे परत वळू नये.

.४५ सुपरच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. त्याची पुंगळी बाहेरून .४५ एसीपीएवढीच असल्याने ते कोणत्याही .४५ एसीपी पिस्तुलात सहज बसते, पण त्याचा दाब सुमारे २८,००० पौंड प्रति चौरस इंच असतो. बसते म्हणजे चालते, असा अर्थ कोणीही काढू नये. .४६० रोलँडची पुंगळी जाणीवपूर्वक एक सोळांश इंच लांब ठेवली आहे, जेणेकरून ती साध्या .४५ च्या चेंबरमध्ये जाऊच नये. त्याचा दाब ४०,००० च्या घरात जातो आणि नळीच्या तोंडावर कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडून धक्का कमी करणारा जोडभाग) असल्याशिवाय ते झाडायचे नसते. कॉम्पेन्सेटरच्या वजनाने आणि त्यातून उसळणाऱ्या वायूंनी स्लाइडचा वेग आटोक्यात राहतो.

पकड आणि अंगठा

मनगट सैल असेल तर स्लाइडबरोबर फ्रेमही मागे जाते, स्लाइडचा फ्रेमच्या तुलनेतला प्रवास कमी पडतो आणि पुंगळी अडकते. हलक्या पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलांत हे अधिक जाणवते. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन आणि तीच काडतुसे दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हाती देऊन पाहिल्यास शंका लगेच फिटते. काडतुसे शिल्लक असताना स्लाइड मागे अडकत असेल, तर बहुतेक वेळा जोरदार धक्क्यात अंगठा वर सरकून स्लाइड मागे धरून ठेवणाऱ्या खटक्याला, म्हणजे स्लाइड स्टॉपला, लागलेला असतो. रुंद नाकाची गोळी स्टॉपच्या आतल्या टोकाला घासणे हे दुसरे कारण, आणि त्याची खूण त्या टोकावर शिशाच्या किंवा तांब्याच्या चकाकीने दिसते. उलट शेवटच्या फैरीनंतर स्लाइड उघडी राहतच नसेल, तर प्रश्न पुन्हा मॅगझिनच्या थकलेल्या स्प्रिंगपाशीच येतो.

वायूवर चालणारे डेझर्ट ईगल

.५० ॲक्शन एक्सप्रेस झाडणाऱ्या डेझर्ट ईगल या पिस्तुलाला वरचे बरेचसे विवेचन लागू पडत नाही, कारण त्याची नळी स्थिर असते आणि नळीतून घेतलेल्या वायूने स्लाइड मागे ढकलली जाते. त्याला सौम्य काडतुसेच मानवत नाहीत; ताकद कमी पडली की ते अडते. उघड्या शिशाच्या गोळ्यांनी वायूचे बारीक छिद्र बुजते, म्हणून धातूचे आवरण असलेल्या गोळ्याच वापराव्यात. यात मॅगझिन किंचित हालते राहील असे मुद्दाम ठेवलेले असते, त्यामुळे आधारासाठी दुसऱ्या हाताचा तळवा मॅगझिनच्या बुडाखाली लावला की मॅगझिन वर दाबले जाते आणि भरणी बिघडते. दोन्ही हात मुठीभोवती आले की हा दोष अनेकदा तिथल्या तिथे थांबतो.

स्प्रिंगला हात कधी लावावा

मॅगझिने, काडतुसांचे माप, चेंबरची स्वच्छता आणि पकड ही सगळी तपासून झाल्यावरही पुंगळ्या फार दूर उडत असतील आणि लवकर उघडल्याच्या खुणा दिसत असतील, तर स्लाइडचा वेग कमी करण्याची वेळ आलेली असते. तेव्हाही १९११ बनावटीत माझी पहिली पसंती रिकॉइल स्प्रिंगला नाही. फायरिंग पिन स्टॉप या छोट्या भागाची खालची कड हॅमरला ढकलत स्लाइडला मागे जाऊ देते. ही कड जास्त गोलाईची असेल तर हॅमर सहज मागे जातो. ती जवळपास चौकोनी, अगदी कमी गोलाईची असेल तर स्लाइडला सुरुवातीलाच मोठा विरोध होतो. या उपायाने कुलूप थोडे उशिरा उघडते आणि परतीचा वेग मात्र वाढत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. हे काम जाणकार शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यावे.

त्यानंतर रिकॉइल स्प्रिंग, आणि तीही एका वेळी एक-दोन पौंडांनीच वाढवावी. १९११ च्या .४५ एसीपीला साधारणपणे १६ पौंडांची स्प्रिंग असते आणि पूर्ण ताकदीच्या १० मिमीसाठी २० ते २२ पौंडांच्या स्प्रिंगा वापरल्या जातात. ग्लॉक २० या १० मिमी पिस्तुलात मूळची १७ पौंडांची असते. प्रत्येक बदलानंतर शिकारीची आणि सरावाची अशी दोन्ही काडतुसे, सर्व मॅगझिनांतून, झाडून पाहावीत. फ्रेमकडेही लक्ष ठेवावे. १९८७ साली आलेल्या कोल्ट डेल्टा एलिट या १० मिमी पिस्तुलाच्या सुरुवातीच्या फ्रेमना स्लाइड स्टॉपच्या खाचेवरील अरुंद पट्टीत तडे जात असत आणि पुढे कंपनीने ती पट्टीच काढून टाकली. अशा नाजूक जागा प्रत्येक बनावटीत असतात, म्हणून सफाईच्या वेळी चांगल्या उजेडात त्या पाहिल्या पाहिजेत.

शिकारीस जाण्यापूर्वी

दुरुस्ती झाली असे मानण्यापूर्वी नेमकी जी काडतुसे नेणार तीच, जी मॅगझिने नेणार त्यांतूनच आणि हातमोजे घालणार असाल तर ते घालून झाडून पाहावीत. सौम्य काडतुसांवर जुळवलेला नेम ताकदीच्या काडतुसांवर तसाच राहत नाही, म्हणून नेमही पुन्हा जुळवावा. अडलेले पिस्तूल ही लक्ष्यावरच्या नेमबाजीत गुणांची हानी असते. शिकारीत मात्र जखमी जनावर झुडपात निघून जाते आणि दुसरी गोळी वेळेवर झाडता येत नाही. विश्वासार्हतेचा इतका आग्रह धरण्याचे खरे कारण ते आहे.

एक बाब विशेषतः शिकाऱ्यांनी लक्षात ठेवावी. दररोज सकाळी तेच वरचे काडतूस चेंबरमध्ये भरायचे आणि संध्याकाळी काढायचे, असे होत राहिले की प्रत्येक वेळी रॅम्पवर आपटून गोळी पुंगळीत थोडी थोडी आत जाते. आतली जागा कमी झाली की दाब झपाट्याने वाढतो, आणि १० मिमी किंवा .४० सारख्या उच्च दाबाच्या काडतुसांत तो धोकादायक ठरू शकतो. असे काडतूस खोक्यातल्या नव्या काडतुसाशेजारी उभे करून किंवा व्हर्नियर कॅलिपरने मोजून पाहावे. ते थोडेही आखूड दिसले तर बाजूला काढावे, झाडू नये, आणि चेंबरमध्ये वारंवार तेच काडतूस जाऊ नये म्हणून भरण्याचा क्रम बदलत राहावा.